वेताळाची बोली

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी एक नक्कल केली होती. ज्यांनी ती पाहिली त्यांना आठवत असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांचे फारसे काही बिघडले नाही. जुन्या चित्रकथांतली पात्रे मराठवाड्यात उतरली तर कोण कुठली बोली बोलेल, असा तो खेळ होता. वेताळ बोलायचा पुस्तकातले मराठी, आकाशवाणीवरच्या निवेदकासारखे, एकेक शब्द धुऊन वाळवून घडी घातलेले. समुद्री चाचे होते लातूरच्या आडत बाजारातले. जादूगार मँड्रेक आपल्या इतवाऱ्यातल्या एखाद्या जुन्या वकिलासारखा, दर वाक्यात दोन उर्दू शब्द पेरणारा. त्याचा मित्र लोथार माळेगावच्या जत्रेत कुस्ती मारून आलेला पहिलवान. आणि वेताळाचा जंगलातला सोबती गुरन, तो किनवटकडचा. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, 'वन्समोअर' आला. पहिले बक्षीस म्हणून एक पेला आणि एक प्रमाणपत्र मिळाले. पेला आईने कपाटावर ठेवला आहे. त्यात सध्या सुया आणि बटणे असतात.

हा लेख त्या पेल्याची फुशारकी मारण्यासाठी लिहीत नाही. ती नक्कल मुळातच चुकली होती. ती कशी चुकली हे मला माझ्या आज्जीने सांगितले, आणि आज्जीला लिहिता-वाचता येत नाही.

त्यासाठी आधी पेटीची हकीकत सांगावी लागेल.

माझे आजोळ लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. गावाचे नाव लिहीत नाही. जुने गाव आता नाहीच, त्याच नावाचे नवे गाव दोन-तीन किलोमीटरवर सरळ रेघांत वसवलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते आपल्या भागातल्या कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन होते. सुट्टीला माणसे घरी आलेली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे त्या पहाटे घरातल्यांच्याच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ ते १० हजार माणसे गेली. आमच्या आजोळातली दोन गेली. आज्जीचे मालक, ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणायचे, आणि माझा मामा. मामा तेव्हा लातुरात कॉलेजला होता, खोली करून राहायचा. विसर्जनासाठी म्हणून दोन दिवस गावी आला होता.

त्याची पत्र्याची पेटी लातूरच्या खोलीवर होती, म्हणून वाचली. खोलीच्या मालकांनी पुढे ती आणून दिली. आईचे लग्न झाल्यावर ती पेटी आईबरोबर नांदेडला आली आणि आमच्या पोटमाळ्यावर गेली. आईने ती कधी उघडली नाही. मी आठवीत असताना पतंगाचा मांजा शोधायला वर चढलो आणि उघडली. वर दोन सदरे, एक इतिहासाचे पुस्तक, आणि त्याखाली त्रेचाळीस इंद्रजाल कॉमिक्स व सहा चांदोबा.

आजच्या वाचकांना इंद्रजाल म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली ही मालिका सुरू केली. ती मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत निघे, आणि १९९० साली बंद पडली. बहुतेक गोष्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्री चित्रमालिकांच्या. ली फॉक नावाच्या माणसाने १९३४ साली मँड्रेक जन्माला घातला आणि १९३६ साली 'फँटम'. हा फँटम आपल्याकडे येताना वेताळ झाला. त्याच्या देशाचे नाव मुळात बंगालशी मिळतेजुळते होते, ते आपल्याकडच्या आवृत्तीत बदलून डेंकाली केले गेले. १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूरही आला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, अस्सल देशी. चांदोबा मात्र मद्रासहून यायचा, आणि त्यात दुसराच एक वेताळ होता, राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा.

हे सगळे अंक मी दोन वर्षांत पाठ केले. एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली होती, पण तिचे नाव सापडत नव्हते. आफ्रिकेसारख्या जंगलातला वेताळ, त्याचे बुटके विषारी बाण सोडणारे बांदार मित्र, समुद्रावरचे चाचे, अमेरिकेतला मँड्रेक, चंबळचे डाकू, सगळे एकाच तऱ्हेचे मराठी बोलत. पेठेतल्या चाळीत सगळे एका जिन्यावर राहत असावेत तसे. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट मला वाटले, शूर माणसे अशीच बोलत असतील. आमच्या गल्लीत तसे कोणी बोलत नव्हते, आणि आमच्या गल्लीत शूर माणसेही नव्हती.

अकरावीत असताना मी एका वक्तृत्व स्पर्धेत उतरलो. विषय पाण्याचा होता. मी सहा मिनिटे 'पानी' म्हणालो. परीक्षक भले गृहस्थ होते. निकालानंतर मला बाजूला घेऊन त्यांनी समजावले की विचार चांगले आहेत, पण उच्चार अशुद्ध, भाषा गावंढळ, म्हणून गुण कापावे लागले. त्या दिवसापासून मी 'ण' चा सराव सुरू केला. आरशासमोर उभा राहून बाण, कण, रण, मरण. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मरन कामून करायलास रे सकाळी सकाळी?" मला हसू आले नाही. मी दोन वर्षांत छापील मराठी शिकलो. घरचे मराठी मी टाकून दिले नाही, पण ते विनोदापुरते ठेवले. मित्रांत बसल्यावर, कोणाची नक्कल करताना, ते बाहेर काढायचे आणि काम झाले की परत ठेवायचे. स्नेहसंमेलनातली नक्कल ही त्या कमाईतूनच झाली होती.

आता आज्जीकडे येतो.

मागच्या श्रावणात आज्जीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा म्हणून तिला नांदेडला आणले. शस्त्रक्रियेनंतर टीव्ही बंद, चूल बंद, वाकणे बंद. आज्जीसारख्या बाईला नुसते बसवून ठेवणे ही शिक्षाच. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "कायतरी वाच की रं. कान तर उघडेच हायत." मी म्हटले, पोथी वाचू का? ती म्हणाली, पोथी नको, झोप येती. मग मला पेटी आठवली. मी वरून एक वेताळाचा अंक काढला आणि तिच्या बाजेजवळ बसून वाचू लागलो. चांगले ठसठशीत, शुद्ध, नाटकात मिळवलेला आवाज लावून.

दोन पाने झाली असतील. आज्जी म्हणाली, "ह्ये कोन बोलूलालंय?"

"वेताळ, आज्जी."

"न्हाई. वेताळ असा बोलत न्हवता."

मी वाचायचा थांबलो. मला वाटले तिला शिवेवरचा वेताळ म्हणायचा असेल, शेंदूर फासलेला, अमावस्येला पालखी काढणारा. तसे विचारले. ती म्हणाली, "त्यो न्हवं. ह्योच. घोड्यावरचा. कवटीचा शिक्का मारतंय, त्यो."

"तुला कसं माहीत?"

"तुजा मामा वाचून दाखवायचा की. मी भाकरी करायची आन् त्यो चुलीपशी बसून वाचायचा. वेताळ आपल्यावानी बोलायचा. आप्पावानी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आई तिथेच उभी राहून ऐकत असावी. बाहेर मात्र आली नाही.

मी आज्जीला विचारले, मग बाकीचे कसे बोलायचे? चाचे कसे बोलायचे?

आज्जी म्हणाली, "ते पुस्तकातल्यावानी. तलाठ्यावानी."

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. मी माझ्या नकलेत वेताळाला पुस्तकाची भाषा दिली होती आणि चोरांना माझ्या आजोळची. माझ्या मामाने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, चुलीपुढे, हेच बरोबर उलटे केले होते. त्याला बक्षीस नव्हते, परीक्षक नव्हते, श्रोता एक आई. त्याच्या कानाला जी भाषा सरकारी कागदातून, नोटिशीतून, कचेरीतून येत होती ती त्याने चाच्यांना दिली, आणि ज्याच्यावर विश्वास टाकावा अशा माणसाची भाषा म्हणून त्याला आपल्या बापाची भाषा आठवली.

मग आमचे वाचन सुरू झाले. वाचन कसले, तालीमच. मी एक वाक्य वाचायचे, आज्जीने मान हलवायची. छापलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच असे की हत्यार खाली ठेवा. मी ते पहिल्यांदा आजोळच्या बोलीत आणले ते ओरडून. आज्जीने हात वर केला. "आप्पा वरडत न्हवते." मग ती स्वतः म्हणाली, अगदी हळू, समोर कोणी बसले आहे असे: "ठिवा ते खाली. मला दोनदा सांगायची सवं न्हाई." मी ते तीनदा म्हणून पाहिले. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही, म्हणजे पास.

आप्पांना मी पाहिलेले नाही. त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्राचा मोठा करून घेतलेला. पण त्या पंधरा दिवसांत ते कसे बोलत हे मला बरेच कळले. ते वाक्याच्या शेवटी 'की' लावत, पण प्रश्न म्हणून नव्हे. कोणी खोटे बोलले तर 'बरं' म्हणत आणि गप्प बसत. 'मी' म्हणण्याच्या जागी 'आमी' म्हणत. "आमी जाताव", "आमी बगताव". मोठेपणासाठी नव्हे, तिकडे जुनी माणसे तशी बोलतातच. बैलाशी बोलताना आणि माणसाशी बोलताना आवाज एकच. वेताळाचा पांढरा घोडा आला की मामा आप्पांचा बैलाशी बोलायचा आवाज काढी. "घोडं माळेगावच्या जत्रेतलं हाय," असे मामाने आज्जीला सांगून ठेवले होते. तिने ते अजून खरे मानले आहे, आणि मीही ते खोडले नाही.

या निमित्ताने मी कान उघडे ठेवून हिंडू लागलो, आणि एक गंमत लक्षात आली. नांदेड आणि लातूर यांत अंतर ते केवढे, एस.टी.त बसले की दोन डुलक्या आणि लातूर आले. तरी आमच्याकडे "काय करायलास?" आणि तिकडे "काय करूलालास?" आमच्याकडे "जायलो", तिकडे "जाऊलालो". माझी आई लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यामुळे पक्की नांदेडची झाली आहे. पण आज्जीचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला ती 'करूलालाव'वर जाते, आणि फोन ठेवला की मला "अभ्यास कामून करायला नाहीस" म्हणून परत येते. मधे कुठलेही स्टेशन नाही. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे गेलात तर मराठीच्या चालीत तेलुगू ऐकू येते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. आणि सगळीकडे निजामाच्या राज्याचे उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले, पण जुन्या माणसांच्या तोंडून ते गेले नाही. आप्पांचे शिक्षण जे काय दोन-चार इयत्ता झाले ते उर्दूतच. आज्जी सांगते, ते हिशेब मोडीत लिहायचे, सही उर्दूत करायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. तर अशा माणसाचा वेताळ.

अशुद्ध कशाला म्हणायचे, हा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला होता. सरांनी तास संपल्यावरही थांबून त्यावर बोलले, हे येथे कृतज्ञतेने नोंदवतो. त्यांनी एवढेच लक्षात आणून दिले की नामदेवांचे नर्सी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण, ज्ञानेश्वरांचे आपेगाव, ही सारी गावे आपल्याच भागातली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी जुनेपणाचा जो पुरावा लागतो त्यात या गोदाकाठाचा वाटा मोठा. पुढे एकोणिसाव्या शतकात छापखाने, शाळाखाती आणि व्याकरणे मुंबई-पुण्याकडे झाली, म्हणून तिकडचे बोलणे छापील झाले. आपण तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो. यात कोणाचा दोष नाही. पण 'पानी' म्हटल्याने पाणी गढूळ होत नाही, असे सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

आपल्या बोलीने रंगमंच जिंकला नाही असेही नाही. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केले. एकटा माणूस, अंगावर एक शाल, आणि ५२ पात्रे. त्याचे ध्वनिमुद्रण मी इतक्या वेळा ऐकले आहे की आमच्या शेजाऱ्यांनाही ते येते. तरी मनात एक शंका राहते. लोक हसतात ते माणसांना की त्यांच्या बोलण्याला? देशपांड्यांकडे माणसे इतकी खरी आहेत की ही शंका विरते. माझ्याकडे ती विरत नव्हती, कारण माझ्याकडे माणसे नव्हतीच, नुसते हेल होते. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यातली प्रेम करणारी, रडणारी, मार खाणारी माणसे करमाळ्याकडच्या आपल्या बोलीतच बोलतात, हे तेव्हा काही वेगळे वाटले नाही. आता वाटते. आधी असे बोलणारा मराठी सिनेमात बहुधा गडी तरी असे नाहीतर विनोदी पाटील.

हे सगळे मी किनवटच्या माझ्या मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितले. आम्ही वजिराबादेत चहा घेत होतो. मामा, आप्पा, वेताळ, तलाठी, सगळे. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण गुरन किनवटचा का होता?"

मी म्हटले, "जंगल आहे ना तिकडे, म्हणून."

"जंगल म्हटलं की तुला किनवटच आठवतं. बरं, तो कोणती बोली बोलत होता?"

मला उत्तर देता येईना. कारण मी किनवटला एकदाच गेलो आहे, माहूरच्या वाटेवर, आणि बसमधून उतरलोही नव्हतो. तिकडे गोंडी बोलणारी माणसे आहेत, कोलामी बोलणारी आहेत, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, पलीकडे तेलुगू आणि अलीकडे वऱ्हाडी वळणाचे मराठी. माझा गुरन यातले काहीच बोलत नव्हता. तो बोलत होता ते मी घरी बसून रचलेले तोतरे मराठी होते, ज्यात क्रियापदे चुकत होती. मित्र स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाचव्या रांगेत बसला होता. हसलाही होता म्हणे. "सगळे हसत होते, मग मी काय करणार," एवढेच म्हणाला आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. तेही मला लागले.

माझ्यासारखी चूक फार मोठ्या लोकांनीही केली आहे, हे नंतर वाचनात आले. त्याने समाधान झाले नाही, पण संगत मिळाली. मँड्रेकचा सोबती लोथार हा मूळ कथेत आफ्रिकेतल्या राज्यांचा वारस, राजपुत्र. तरी १९३४ पासून तीस वर्षे तो मोडके इंग्रजी बोलत आणि बिबट्याचे कातडे नेसत हिंडला. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रे काढू लागले तेव्हा कुठे त्याच्या अंगावर नीट कपडे आले आणि तोंडात नीट वाक्ये आली. आमच्या पेटीतल्या मराठी अंकांत तो पहिल्यापासून शुद्ध बोलतो, हा भाषांतराने नकळत केलेला न्याय म्हणायचा. म्हणजे सगळ्यांना छापील भाषेत बोलायला लावणे हे काही निव्वळ वाईट नव्हते. मी लोथारला पहिलवान केला तेव्हा त्याचे राजपुत्रपण माझ्या लक्षातही नव्हते.

उलट उदाहरणही सांगतो. जर्मनीत अॅस्टेरिक्सच्या चित्रकथा त्यांच्या प्रांताप्रांतांच्या बोलींत निघतात. पहिली १९९५ साली स्वाबियन बोलीत निघाली. त्यात फक्त मूर्ख पात्र बोलीत बोलते असे नाही. अख्खे गाव बोलते, नायकासकट. मला हे वाचून मामाची आठवण झाली. त्याला जर्मनी माहीत नव्हते.

यंदा दिवाळीनंतर एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पुन्हा तीच नक्कल घेऊन गेलो, पण पालटून. वेताळ आप्पांच्या बोलीत, हळू. चाचे शुद्ध छापील मराठीत, 'सदर प्रकरणी', 'उपरोक्त', 'मागणी विचाराधीन आहे' असे बोलत लूट मागणारे. गुरनला काढून टाकले. मला तो येत नाही, आला की घेईन. पहिली दोन मिनिटे लोकांनी हसायची वाट पाहिली. वेताळ बोलू लागला की ते हसू लागत आणि मधेच थांबत, कारण तो हसण्यासारखे काही बोलतच नव्हता. चाच्यांना थोडे हशे मिळाले. शेवटी टाळ्या पडल्या त्या पावसाच्या पहिल्या थेंबांसारख्या, इकडे एक, तिकडे एक. बक्षीस मिळाले नाही. 'विनोदाचे प्रमाण कमी' असा शेरा होता, आणि तो खोटा नव्हता. पायऱ्या उतरताना मंडपवाल्याचा एक माणूस, साठीचा, दोऱ्या गुंडाळत होता. त्याने विचारले, "तुमी औशाकडचे का हो?" मी म्हटले, आजोळ तिकडचे. तो म्हणाला, "वाटलंच. आमच्या गावात असे एकजन होते बोलनारे." मी त्याला गावाचे नाव विचारले नाही. विचारायला हवे होते.

वेताळाच्या कथेत एक गोष्ट आहे जी जंगलातल्या लोकांना माहीत नसते आणि वाचकाला असते. वेताळ अमर नाही. तो एकविसावा आहे. पहिला १५३६ सालातला. बाप मेला की मुलगा तेच कपडे चढवतो, त्याच गुहेत, त्याच सिंहासनावर बसतो आणि लोकांना वाटते की तोच तो. या युक्तीत मला लहानपणापासून एक शंका होती: कपडे ठीक, पण आवाजाचे काय करत असतील? ते कोणी लिहिलेले नाही. मी ही शंका आज्जीला विचारली. ती म्हणाली, "पोरगं बापाजवळच वाडलंय न्हवं? मग आवाज कुटं जाईल?"

आज्जी कार्तिकात परत गेली. जाण्याआधी डोळ्यावरची पट्टी निघून बरेच दिवस झाले होते, काळा चष्माही गेला होता. मी तिला अंकातली चित्रे दाखवली. अंगाला चिकटलेले कपडे, तोंडावर मुखवटा, वरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. ती बराच वेळ पाहत राहिली.

"ह्यो वेताळ?"

"हो."

"मला वाटलं धोतर आसंल."

"तू कधी बघितला नव्हतास का?"

"मी कवा बगू? माजं तोंड तव्याकडं."

त्या रात्री शेवटचा अंक वाचायचा राहिला होता. त्याची मागची चार पाने फाटलेली आहेत, कव्हरासकट. बहुतेक लातूरच्या स्टँडवरून जुना म्हणून अर्ध्या किमतीत घेतलेला असावा. वेताळ चाच्यांच्या जहाजावर चढतो, आणि तिथे पाने संपतात. मी म्हटले, आज्जी, पुढचं नाही. आई या वेळी बाहेर येऊन दाराशी बसली होती, हातात लसूण घेऊन.

"नसू दे," आज्जी म्हणाली. "मला म्हाईत हाय. त्यानं समद्यास्नी धरलं, आन् तसाच घरी गेला. हातपाय धुतले, आन् जेवाय बसला."

"कशाशी?" आईने विचारले.

"पिटलं आन् भाकरी."

मी म्हटले, "आज्जी, मी त्रेचाळीस अंक वाचलेत. एकातही वेताळ जेवत नाही."

"तुजा मामा दर टायमाला तसंच सांगायचा," आज्जी म्हणाली. "तवर माज्या भाकरी व्हायच्या."